सायकल कुरकुरते तेव्हा

मैत्रिणींनो, दसरा झाला. खंडेनवमीला तुमच्याकडेही विळी-सुरीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा झाली असेल आणि अंगणातल्या सायकलींनाही हळदी-कुंकू अन् झेंडूची माळ मिळाली असेल. आमच्या घरी सायकली तीन. एक यांची, एक माझी आणि एक चिरंजीवांची. मी तिन्ही घासूनपुसून अशा लख्ख केल्या की रिममध्ये तोंड दिसावं. आणि दुसऱ्याच दिवशी शाळेला निघाले, तर माझी सायकल पायाखाली ‘कट्... कट्...’ करू लागली. पायडलचा एक फेरा झाला की एक कट्. ओट्यावर बसलेल्या सासूबाईंच्या कानांतून काही सुटत नाही. म्हणाल्या, “बाहेरून ओवाळलीस गं, पोटात काय दुखतंय ते विचारलंस का तिला?”

तेव्हा या खेपेला फराळाचे डबे जरा बाजूला ठेवू आणि सायकलच्या पोटाकडे बघू. तुम्ही म्हणाल, हे बायकांचं सदर आहे की सायकलचं दुकान? खरं सांगू का, मलाही दोन महिन्यांपूर्वी असंच वाटलं असतं. पण मध्ये एक गोष्ट घडली.

मी इथे सोयगावला तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. नववीत एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, जवळच्याच एका खेड्यातून सायकलवर येते एवढं पुरे. अक्षर मोत्यासारखं, आणि पहिल्या बाकावर बसून शंका विचारून विचारून मला भंडावून सोडणारी. पोळ्यानंतर ती वर्गात दिसेना. दोन दिवस गेले, चार गेले. मला वाटलं ताप असेल, सध्या घरोघरी आहेच. तिच्या मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, “ताप नाही बाई, तिची सायकल बिघडली.” सायकल काय, आज ना उद्या दुरुस्त होईल, असं म्हणून मी विसरले. ही माझी चूक. पंधरा दिवस झाले तेव्हा एका रविवारी मीच तिच्या घरी गेले.

सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली, वर गोणपाट टाकलेलं. वडील म्हणाले, “पायडल हलतंय बाई. कोणी म्हटलं बी.बी. गेली, सगळं पोट बदलावं लागंल. आता कुठून आणू? कापूस निघाला की बघू.” आणि आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, “तवर घरीच हाय तर वेचणीला तरी हाताशी होईल.” बोलण्यात राग नव्हता, मुलीला शाळेतून काढायचं असंही कुणाच्या मनात नव्हतं. पण कापूस निघणार दिवाळीच्या पुढे-मागे, मग त्याची विक्री, मग उधारी फेडणं, आणि त्यातून काही उरलं तर सायकल. तोवर सहामाही परीक्षा होऊन गेलेली. मुलगी खांबाला धरून उभी होती, एक शब्द बोलली नाही. वर्गात एवढी बडबड करणारी पोर!

मला सायकलमधलं तेव्हा फार कळत नव्हतं. पण लहानपणी माहेरी काका सायकल दुरुस्त करायचे, त्यांचं बघून एक गोष्ट लक्षात राहिली होती. मी खाली बसले, दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंचे पायडलचे दांडे धरले आणि एक पुढे, एक मागे असं दाबून पाहिलं. उजवीकडचा जागच्या जागी घट्ट. डावीकडचा मात्र करंगळीभर सरकला. म्हणजे पोट चांगलं होतं! सैल झाली होती ती फक्त दांडा धरून ठेवणारी एक खीळ. तिला कॉटर पिन म्हणतात. दुकानात ती पंधरा रुपयांना मिळाली, ठोकून बसवायला दहा मिनिटं लागली. पंधरा रुपयांसाठी पंधरा दिवसांची शाळा बुडाली होती.

तर आता पोटात डोकावू. सायकल उभी करा आणि दोन्ही पायडलांच्या मधोमध बघा. सीटखालून उतरणारी नळी आणि पुढून येणारी नळी जिथे मिळतात तिथे चार बोटं रुंदीची एक आडवी, बुटकी नळी दिसेल. तिच्यातून आरपार एक पोलादी आस गेलेला असतो. आसाच्या दोन टोकांना दोन क्रँक, म्हणजे पायडल ज्यांच्या टोकाला असतं ते दांडे. आस नळीत नुसता फिरत नाही. नळीच्या दोन्ही तोंडांना एकेक पोलादी वाटी बसवलेली असते, वाटीत छर्रे असतात आणि त्या छर्र्यांवर आस फिरतो. एवढा सगळा संसार म्हणजे बी.बी. दुकानात हाच शब्द चालतो. ‘बी.बी. सेट द्या’ म्हटलं की आस, वाट्या आणि छर्रे हातात येतात.

ज्यांनी जातं ओढलंय त्यांना हे सांगायला नकोच. खुंटा सैल झाला की वरचा दगड डुगडुगतो, पीठ जाडंभरडं पडतं आणि दळणारीचे हात भरून येतात. फार घट्ट झाला तर दगड फिरतच नाही. सायकलचंही तेच. बाकी सगळ्या सायकलीवर आपण बसतो, पण पायांचा सगळा जोर जातो तो या एका आसावर. चढावर उभं राहून पायडल मारलं की आपलं सगळं वजन त्या वाटाण्याएवढ्या छर्र्यांवर येतं. आणि जागा कुठे, तर सगळ्यात खाली! पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी, काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यातली धूळ सगळं तिथेच. शिवाय सीटखालच्या नळीतून पाऊस आत झिरपतो तो वेगळाच. आमच्याकडे पावसाळ्यात शेतरस्त्याने येणाऱ्या मुलींच्या सायकली पाहिल्या तर चिखलाने चाकं फिरेनाशी झालेली असतात, मधली नळी तर ओळखूही येत नाही. आतलं ग्रीस वाहून जातं, पाणी राहतं, छर्रे गंजतात. गंजलेला छर्रा कानशीसारखा वाटी आणि आस खात सुटतो.

म्हणून आधी दुखणं कुठलं ते ओळखावं. आवाज आला की लगेच बी.बी.वर आळ घेऊ नये. प्रथम थोडं अंतर सीटवरून उठून पायडल मारून पाहावं. आवाज थांबला तर दोष सीटच्या स्प्रिंगचा. मग पायडल हाताने फिरवून पाहावं, ते स्वतःच्या दांडीवर खरखरत असेल तर दोष त्याचा. मग मी वर सांगितलं तसं दोन्ही क्रँक दोन हातांत धरून एकमेकांविरुद्ध दाबावेत. एकच हलला तर कॉटर पिन. त्यानंतर एक क्रँक धरून सायकलच्या अंगाकडे आणि बाहेर असा आडवा हलवावा. इकडचा हलवला की तिकडचाही बरोबरीने डुगडुगला, तर आत छर्र्यांमध्ये खेळ आला आहे असं समजावं. आणि शेवटी चेन दात्यांवरून उतरवून क्रँक हलकेच फिरवावा. हाताला रवा दळल्यासारखं लागलं तर आत घाण किंवा गंज. लोण्यासारखा फिरला, तर तुमची सायकल सुखी आहे, तिला उगाच खोलू नये.

माझ्या सायकलीचे दोन्ही दांडे बरोबरीने डुगडुगत होते आणि रवाही दळला जात होता. म्हणजे खोलणं आलं.

हे म्हणाले, “दुकानात टाकून ये की. कशाला हात काळे करतेस?” त्यांचंही चूक नाही. सायकलवाल्याकडे हे काम ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणून होतं आणि चांगला मिस्त्री ते तासा-दीड तासात करतो. पण सगळ्याच गावांत आता मिस्त्री कुठे उरलेत? पूर्वी प्रत्येक एस.टी. स्टँडपाशी एक तरी सायकलवाला असायचा, भाड्याने तासावर सायकल द्यायचा आणि पंक्चरही काढायचा. आता बहुतेकांनी मोटरसायकलचं काम धरलंय. शिवाय त्या मुलीची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. मुलींच्या सायकलींना काय होतं ते एका तरी बाईमाणसाला कळायला हवं की नाही?

आपल्याकडे मुलींच्या सायकली आता थोड्याथोडक्या नाहीत. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ती रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या गेल्या, त्याचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला. माध्यमिक शाळेत वेळच्या वेळी दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना दिसलं, आणि शाळा लांब असलेल्या गावांत फरक जास्त होता. सायकल घ्यायला पैसे मिळतात ही फार चांगली गोष्ट झाली. पण दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती चालू ठेवायची कुणी, हा प्रश्न घरचाच राहतो. आणि घरात पहिली दुरुस्ती होते ती मोटरसायकलची, मुलीची सायकल नंतर. हे मी कुणाला टोचून बोलत नाही. आमच्याही घरी यांच्या गाडीचं सर्व्हिसिंग कधी चुकलेलं नाही.

असो. तर कामाला लागू.

साहित्य फार नाही. नटाचा पान्हा, हातोडी, जाड स्क्रू ड्रायव्हर, एक छोटा सुंबा, लोखंडी पाइपचा एक तुकडा, जुनी परात, चिंध्या आणि ग्रीस. ग्रीस ट्रॅक्टर-मोटरच्या सामानाच्या दुकानात डबीत मिळतं, शेतकऱ्याच्या घरी तर असतंच. धुवायला पूर्वी रॉकेल वापरत, आता ते मिळणं मुश्कील, थोडं डिझेल चालतं. मात्र ते काम अंगणातच करावं, चुलीपासून आणि गॅसपासून दूर, आणि मुलांच्या हाती डिझेल देऊ नये.

सगळ्यात अवघड भाग पहिलाच आहे, तो म्हणजे कॉटर पिन काढणं. आदल्या रात्री पिनेच्या दोन्ही टोकांना तेलाचे दोन-दोन थेंब सोडून ठेवावेत. सकाळी क्रँक असा फिरवावा की पिनेचा नट वर येईल. नट सैल करावा, पण पूर्ण काढू नये. त्याचं तोंड पिनेच्या टोकाशी सपाट होईल एवढाच वर आणावा, म्हणजे घाव आट्यांवर न बसता नटावर बसतो. आता पाइपचा तुकडा क्रँकच्या खाली उभा लावावा, पिनेचं खालचं डोकं पाइपच्या पोकळीत येईल असा. पाइप जमिनीपासून क्रँकपर्यंत पोचेल एवढ्याच मापाचा हवा. हा टेकू फार महत्त्वाचा. टेकू नसला तर हातोडीचा घाव छर्र्यांवर जातो, छर्रे वाटीत रुततात आणि बरी असलेली बी.बी. आपल्याच हाताने बिघडते. टेकू दिला की एकच घाव, पण नेमका. नारळ फोडताना कसा मारतो, तसा. दहा वेळा टुकटुक केलं की पिनेचं टोक फुलतं आणि मग ती कुणालाच निघत नाही.

मी काय केलं? टुकटुक केलं. पिनेचं टोक भजीसारखं फुगलं. यांनी पाइप धरला होता, तोंडाने काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर सगळं वाचता येत होतं. शेवटी ती एक पिन स्टँडजवळच्या मिस्त्रीकाकांकडे नेऊन ड्रिलने काढावी लागली. ते म्हणाले, “ताई, पिन काढायची तर भीती सोडा. घाबरत मारलेला घाव वाया जातो.” दुसऱ्या बाजूची पिन मी एका घावात काढली, हे आवर्जून नमूद करते.

दोन्ही क्रँक निघाले की डाव्या बाजूला वाटीवर एक चपटी खाचेची रिंग दिसते. सुंबा खाचेत टेकवून हलक्या ठोक्यांनी ती सोडवावी, मग वाटी हाताने फिरते. इथे खाली परात नक्की ठेवावी. वाटी सुटताच छर्रे सांडतात आणि एकदा ओट्याखाली गेले की गेलेच. आमच्या सासूबाई परात मांडीवर घेऊनच बसल्या होत्या. डाळ निवडावी तसे त्यांनी छर्रे निवडले, चिंधीने पुसले आणि मोजून सांगितलं, “एकीकडे अकरा, दुसरीकडे दहा. एक कुठेय?” तो एक आत नळीत अडकला होता. मुलाच्या मोडक्या खेळण्यातलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून सोडलं, तेव्हा बाहेर आला. आपल्या साध्या सायकलींना बहुधा पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा असे असतात. जाळीत बसवलेले असतील तर संख्या कमी असते. तरी तुमचे तुम्ही मोजून कागदावर लिहून ठेवावेत.

उजवीकडची, चेनकडची वाटी काढायच्या भानगडीत पडू नये. तिचे आटे उलटे असतात. नेहमीप्रमाणे सैल करायला गेलात तर ती आणखी आवळते. हे उलटं का? तर फिरणाऱ्या आसाच्या दाबाने ती वाटी आसाच्या उलट दिशेला हळूहळू सरकायला बघते. आटे सरळ असते तर चालता चालताच सुटून आली असती. म्हणून ती जागेवरच ठेवावी, नळीतून चिंधी घालून आतून पुसावी. बदलायचीच असेल तर ते काम मिस्त्रीचं, त्यांच्याकडे तिचा खास पान्हा असतो.

आता सगळं डिझेलमध्ये धुऊन कोरडं करावं आणि उजेडात नीट पाहावं. आसावर जिथे छर्रे फिरतात तिथे एक चकचकीत पट्टा दिसतो. पट्टा गुळगुळीत असेल तर आस चांगला. मिस्त्रीकाकांनी सांगितलेली एक युक्ती देते, ती मला फार आवडली. बॉलपेनचं टोक त्या पट्ट्यावरून हलकेच फिरवावं. कुठे अडखळलं तर तिथे खड्डा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. खड्डा असलेला आस किंवा वाटी परत लावण्यात अर्थ नाही, कितीही ग्रीस भरलं तरी महिन्याभरात पुन्हा कुरकुर. छर्रे मात्र दरवेळी नवेच घालावेत. जुने-नवे मिसळू नयेत, कारण जुने झिजून किंचित बारीक झालेले असतात आणि सगळा भार नव्या चार-दोघांवर पडतो. नवीन सामान घ्यायला जाताना जुना आस, जुनी वाटी आणि जुनी पिन पिशवीत घालून न्यावी. आसाची लांबी आणि पिनेची जाडी सायकलीगणिक वेगळी असते, नुसतं ‘लेडीज सायकलचं द्या’ म्हणून चालत नाही. मला एकदा हेलपाटा पडला, आणि तो भाग गावात मिळेना म्हणून शेंदुर्णीच्या बाजाराची वाट बघावी लागली.

माझा आस खराब निघाला, वाट्या वाचल्या. आस, छर्रे, दोन पिना आणि ग्रीसची डबी मिळून अडीचशेच्या आत काम झालं. तुमच्याकडे भाव थोडा कमी-जास्त असेल.

जोडणी म्हणजे उलटा क्रम, पण दोन-तीन खुणा लक्षात ठेवाव्यात. वाटीत ग्रीस सढळ हाताने भरावं, करंजीत सारण भरताना करतो तशी काटकसर इथे नको. ग्रीसमध्येच छर्रे एकेक करून चिकटवावेत, म्हणजे सांडत नाहीत. शेवटी थोडी फट राहते, ती राहू द्यावी, जास्तीचा छर्रा कोंबू नये. आसाची एक बाजू लांब असते, ती चेनच्या बाजूला जाते. मग डावी वाटी हाताने फिरवत न्यावी. टेकली असं वाटलं की किंचित मागे घ्यावी, वाटी धरून ठेवावी आणि रिंग आवळावी. रिंग आवळताना वाटीही थोडी फिरते, त्यामुळे हे पहिल्या खेपेला जमत नाही. मला चार वेळा करावं लागलं. आस बोटाने फिरवला तर सहज फिरावा आणि आडवा हलवला तर अजिबात हलू नये. एवढं जमलं की झालं.

कॉटर पिना घालताना एकीचं तोंड एका बाजूला, दुसरीचं विरुद्ध बाजूला. दोन्ही एकाच बाजूने घातल्या तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडी चालते. मी हेही करून पाहिलंय. नवी पिन पुरेशी आत जात नसेल तर तिची चपटी बाजू कानशीने थोडी घासावी, सपाट राहील अशीच. पिन ठोकून बसवायची असते. नट फक्त तिला धरून ठेवतो, नट आवळून पिन ओढायला गेलं तर आटे जातात. आणि दोन दिवस सायकल चालवून झाली की पुन्हा एकदा ठोकून नट आवळावा. हा दुसरा आवळा बहुतेक जण विसरतात, आणि पुढचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं. त्या मुलीच्या पिनेचंही हेच झालं असावं असं मला वाटतं.

नव्या पद्धतीच्या, गिअरच्या सायकली असतील तर वरचं बरंचसं लागू नाही. त्यांत आस, छर्रे, वाट्या सगळं एका बंद डब्यात असतं. तो खोलायचा नसतो, खराब झाला की अख्खा बदलायचा. क्रँक ओढायचं हत्यारही वेगळं लागतं. ते शहरातल्या दुकानाचं काम.

काळजी काय घ्यावी, तर दोनच गोष्टी सांगते. एक, मोटरसायकल धुण्याच्या सेंटरवर जोराच्या पाण्याचा फवारा असतो, त्याने सायकल धुऊ नये. धुवायचीच झाली तर निदान मधल्या नळीवर फवारा मारू नये. पाणी आत घुसतं आणि ग्रीस बाहेर येतं. माझ्या सायकलीचं तेच झालं होतं, मीच हौसेने दसऱ्याला चकचकीत करून आणली होती. गंज जुनाच असणार, पण उरलंसुरलं ग्रीस त्या फवाऱ्याने नेलं. दोन, कुरकुर आली की पळीभर गोडेतेल सोडायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी. खाण्याचं तेल काही दिवसांनी चिकट होतं, धूळ धरतं आणि आत काळा लगदा होतो. वर्षातून एकदा, पाऊस संपला की खोलून ग्रीस भरावं. खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी केलं तर पूजाही खरी होईल.

कामाच्या वेळी शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, “आता बायकांनी हेही करायचं का?” मी त्यांना किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. ज्या किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर काढले, त्यांची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावला सायकलच्या दुकानापासून झाली. लक्ष्मणराव आणि त्यांचे भाऊ सायकली विकत, दुरुस्त करत आणि लोकांना चालवायला शिकवत. आणि त्याच घराण्यातल्या शंकररावांनी १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक काढलं. म्हणजे बायकांच्या मासिकाचं आणि सायकलच्या दुकानाचं माहेर एकच की! काकूंना ते कितपत पटलं कोण जाणे, पण जाताना म्हणाल्या, “आमच्या सुनेची सायकल पण जरा बघशील का?”

आणि ती मुलगी? पिन बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी आली. पहिल्या तासाला गप्प होती, तिसऱ्या तासाला शंका विचारली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. माझी सायकल खोलली त्या रविवारी तिला मुद्दाम बोलावलं होतं. वाटी बसवताना माझ्यापेक्षा तिचाच हात हलका पडला. मधल्या सुट्टीत आता वर्गातल्या मुली तिच्याकडे क्रँक हलवून घेतात, आणि ती डॉक्टरसारखी ‘पिन’ किंवा ‘छर्रे’ असं सांगते. कापूस वेचणीला ती पुढच्या महिन्यात पुन्हा चार-आठ दिवस बुडवणार आहे, हे तिने मला आधीच सांगून ठेवलंय. त्याला माझ्याकडे पान्हा नाही. पण सायकल दारात चालू स्थितीत उभी आहे, आणि सुटलेले धडे ती रविवारी माझ्याकडे येऊन करणार, असं ठरलंय.

जाता जाता, हात आणि कपडे. ग्रीसचे हात आधी पाण्याखाली धरू नयेत. कोरड्या हाताला थोडं गोडेतेल चोळावं (ते इथे उपयोगी पडतं!), मग बेसन चोळून पुसावं आणि शेवटी साबण लावावा. नखांत आधीच साबण भरून ठेवला तर काळं आत शिरत नाही. कपड्यावर डाग पडला तर त्यावर बेसन किंवा टाल्कम पावडर दाबून अर्धा तास ठेवावी, झटकावी, मग भांड्यांचा साबण लावून कोमट पाण्याने धुवावं. डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री करू नये, नाहीतर तो कायमचा बसतो. माझ्या पांढऱ्या ओढणीवर मी आधी इस्त्री फिरवली. ती ओढणी आता सायकल पुसायला घेतलीय.